मंडळाचं कुलूप आत्ता काढायचं की पोळा होऊ द्यायचा?

खारपाणपट्टा · २२ ऑगस्ट २०२१
आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, उंबरठा जेमतेम दोनशेचा. युवक मंडळाला ग्रामपंचायतीनं दिलेली एक खोली आहे आणि पुढे मैदान. खोलीत डबल बार, कॅरम, गुरुवारच्या भजनाच्या चार खंजिऱ्या. फेब्रुवारीत अमरावती-अचलपूरला पुन्हा लॉकडाऊन लागलं तेव्हा कुलूप घातलं, ते अजून तसंच. किल्ली माझ्याकडे आहे, म्हणून शिव्याही मलाच.

माझं म्हणणं, मैदान सुरू करावं. गावात दीड महिन्यात कोरोनाचा नवा पेशंट नाही. महिनाभर रुग्ण नसलेल्या गावात आठवी ते बारावीची शाळा १५ जुलैपासून उघडायला सरकारनं परवानगी दिली. चार भिंतींतला वर्ग चालतो, मग उघड्या मैदानानं काय घोडं मारलं?

आणि पोट्टे घरी बसलेत असं ज्याला वाटतं त्यानं संध्याकाळी सातला नाल्याच्या पुलावर यावं. कठड्यावर बारा जण, मास्क हनुवटीला, एका मोबाइलवर फ्री फायर. खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, एकच पन्नी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते आणि रिकामी होऊन नाल्यात पडते. मैदान बंद ठेवून आपण गर्दी थांबवली नाही, पुलावर नेऊन बसवली.

खोली बंदच राहील. मैदानावर एका वेळी दहा जण, धावणं, लांब उडी, गोळाफेक. पाण्याची बाटली ज्याची त्यानं आणायची. वहीत नाव आणि मोबाइल नंबर. कबड्डी नाही, भजनही सध्या नाही. ताप-खोकला असेल त्याला प्रवेश नाही. बोला.

निवृत्त_मास्तर, पुसद
बोलतो. पुलावर चूक चालते म्हणून मैदानावर तिला परवानगी द्यायची, हा हिशेब मला कळला नाही.

पोरांना काही होत नाही, असं म्हणाल. मान्य, बहुतेकांना होत नाही. पण मैदानावरून तो पोरगा जातो कुठं? दोन खोल्यांचं घर, एकीत चूल, दुसरीत खाटेवर आजा. एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या गावात रविवारी क्रिकेटचा सामना झाला. उघड्या मैदानावरच. गुरुवार-शुक्रवारी दोघांना अंगदुखी, उन्हातान्हाचं असेल म्हणून एक गोळी घेतली, बरे झाले. पुढच्या आठवड्यात एकाच्या वडिलांना गाडीत घालून यवतमाळला नेलं. ते परत आले नाहीत. आता तो पोरगा मैदानाकडे तोंड करून बसत नाही. कुठून आलं हे कुणी सिद्ध करू शकत नाही, मीही नाही. पण त्याला वाटतं ते वाटतंच.

तुमच्या 'ताप असेल त्याला प्रवेश नाही'चाही उपयोग किती? लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीच माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. कपाळाला ती ताप मोजायची गन लावून काय सापडणार? अठराच्या आतल्यांना लस नाही, वरच्यांना कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवस. निदान पोळा होऊ द्या, नंतरचे दोन आठवडे जाऊ द्या.

बांधीवरून, गोंदिया
मास्तर, आमच्याकडे रोवणी झाली. एका बांधीत वीस-पंचवीस बाया, एका गुंडातलं पाणी, जाता-येता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीनं. तेव्हा कुणी थांबा म्हणालं नाही. कामाला रोग नाही, खेळाला आहे काय?

निवृत्त_मास्तर, पुसद
रोवणी थांबली तर वर्षाचं धान जाते. लांब उडी थांबली तर काय जाते?

सोळाशे_नाही_आठशे
मी सांगते काय जाते.

पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर, आम्हाला आठशे. मुलगा रस्त्यावर, बांधावर, कुठंही पळून येतो. मुलगी एकटी रस्त्यानं पळाली की दुसऱ्या दिवशी घरी निरोप येतो, 'तुमची पोरगी काहून पयते?' आम्ही सहाजणी होतो. मंडळाचं मैदान होतं, सोबत होती, म्हणून घरचे पाठवत. गेल्या वर्षी मार्चमध्ये बंद झालं, जानेवारीत जरा सुरू झालं, फेब्रुवारीत पुन्हा बंद. दोघींची लग्नं झाली. पन्नास माणसांत लग्न, स्वस्तात उरकते म्हणून घाई. तिसरीचं बघणं सुरू आहे.

मास्तर, तुमच्या शेजारच्या गावातलं वाचून वाईट वाटलं. माझीही आजी घरी आहे, तिचे दोन्ही डोस झालेत, मीच नेलं होतं. पण 'पोळ्यानंतर', मग 'गणपतीनंतर', मग 'दिवाळीनंतर'. माझं वय थांबत नाही.

आशाताई
मी गावात आशा आहे, मास्तर आन् भाऊ दोघायलेही बोलतो.

कबड्डी नाही म्हणता ते बरोबर. एका दमात तोंडानं बोलत जाणारा एक, आन् त्याले कवटाळून धापा टाकणारे सहा-सात. याहून जवळ काय असते? धावणं, उडीत तसं नाही. मोकळ्या हवेत दोन हात लांब असले तर धोका पुष्कळ कमी.

पण भाऊ, तुमचा 'प्रवेश नाही'चा नियमच पोट्ट्यायले खोटं बोलाले शिकवते. दुसऱ्या लाटेत घरोघरी फिरलो मी. ताप असे, पण सांगताना 'टायफाइड हाय ताई', नाहीतर 'कायीच नाही'. काहून? सांगितलं तर नेतीन, घराले पट्टी लावतीन. मैदानाचंही तसंच होईन. दोन दिवस नाही आला तर तुकडीतली जागा जाते म्हटलं का तो खोकला गिळून येईन. जागा त्याचीच राहीन असं पयले सांगा.

आन् वही फक्त नावापुरती नको. कोणत्या दिवशी कोण कोणासोबत होतं ते लिहा. एक निंघाला तर मले त्याच सांजी दहा फोन करता आले पाह्यजे. दहाचे दहा दरवेळी तेच ठेवा. आज या तुकडीत, उद्या त्या, असं नको.

खारपाणपट्टा
ताई, हे सुचलंच नव्हतं. जागा राखून ठेवतो, दहा कायमचे. आजारी पडून घरी राहणाऱ्याचं नाव वेगळं लिहायचं नाही, नाहीतर गावभर तेच होईल.

मास्तर, पोळा ६ सप्टेंबरला. तोरणाखाली गाव लोटणारच, मैदान उघडं असो की बंद. त्यानंतर दोन आठवडे बंद ठेवतो, एवढं तुमचं ऐकतो. पण तोवरचे दिवस वाया घालवत नाही. मंगळवारपासून सुरू.

निवृत्त_मास्तर, पुसद
मला पटलेलं नाही. माझा नातू माझा दुसरा डोस झाल्यावरच जाईल, तोपर्यंत अंगणात दोरीच्या उड्या मारेल. पण सुरू करणारच असाल तर वहीला समास आखा, तारीख डावीकडे लिहा. पोरांच्या वह्या मी चाळीस वर्षं पाहिल्या आहेत.

सोळाशे_नाही_आठशे
आणि मुलींची तुकडी सकाळी साडेपाचला ठेवू नका. पांदणीत तेव्हा अंधार असतो आणि गुडघाभर चिखल. साडेसहा ठेवा, पाच जणी नक्की येतो. लग्न झालेली एक माहेरी आली आहे, ती पण म्हणते येते.