प्रतिपिंड म्हणजे दुसरी किडनी का?

कडकभाकरी: मंडळी एक शब्द अडलाय. वडिलांना शुगर आहे, डॉक्टरांनी लघवीची मायक्रोअल्ब्युमिन टेस्ट लिहून दिली, आणि लॅबच्या माहितीपत्रात छापलंय "मूत्रपिंड ऊतींचे घटक प्रतिपिंडांद्वारे ओळखले जातात". वडील म्हणाले मूत्रपिंड माहितीय, हे प्रतिपिंड कुठलं बे, जादाची किडनी निघाली काय? आता त्यांचं तरी काय चुकलं, आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आणि बाकी महाराष्ट्रात जागोजागी प्रतिपंढरपूर, मग प्रतिपिंड दुसरं पिंडच वाटणार की.

शेंगाचटणी: लई हसलो 😂 प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी. प्रतिहल्ल्यातला प्रति धरा, प्रतिपंढरपुरातला नको. पिंडाचा घोळ त्याहून मोठा आहे. मूत्रपिंडातला पिंड म्हणजे गोळा, आणि प्रतिपिंडातला म्हणजे शरीर, "पिंडी ते ब्रह्मांडी" मधला. पॉल एर्लिखनं १८९१ मध्ये जर्मनमध्ये अँटिकॉर्पर म्हटलं, कॉर्पर म्हणजे शरीर, तेच इंग्रजीत बॉडी झालं न आपल्याकडं पिंड. खरं बघितलं तर ते शरीरबिरीर काय नाही, वाय आकाराचं प्रथिन आहे. मी तर म्हणतो सरळ अँटिबॉडी छापा, कोरोनात सगळ्यांच्या तोंडी बसलाय तो शब्द.

कडकभाकरी: आणि ऊती?

शेंगाचटणी: सोलापूरकरानं हे विचारावं? ऊती म्हणजे मुळात विणकाम, इथं शरीरातल्या पेशींचं. इंग्रजी टिश्यूही विणलेल्यावरनंच आलाय. चादरीचं पोत डोळ्यासमोर आणा, झालं.

सुईटोच्या: मी लॅबमध्येच असतो म्हणून बोलतो, शब्द सोडा, ते वाक्यच या टेस्टला लागू नाही. अल्ब्युमिन किडनीच्या ऊतींचं नसतंच, ते रक्तातलं प्रथिन, किडनीची चाळणी सैल झाली की लघवीत गळतं. किडनीचा स्वतःचा माल वेगळा, नळ्यांना इजा झाली की किम-१ नावाचं प्रथिन वाढतं, चाळणीच्या पेशींवरचं पोडोकॅलिक्सिन हे प्रथिन लघवीत येतं, तेही अँटिबॉडीनंच पकडतात पण ती रोजची टेस्ट नव्हे. आणि युरोमोड्युलिन हे प्रथिन तर किडनीच बनवते आणि धडधाकट माणसाच्या लघवीतही भरपूर असतं, म्हणजे किडनीचं काही सापडलं की आजार असंही नाही.

आमच्याकडं होतं असं की अल्ब्युमिनला चिकटणारी अँटिबॉडी, बऱ्याचदा बकरीपासून काढलेली, लघवीच्या नमुन्यात मिसळतो, दोघं जुळले की नमुना गढूळ होतो आणि मशीन तो गढूळपणा मोजतं. लघवीतल्या १ ग्रॅम क्रिएटिनिनमागं (हा शरीरातला टाकाऊ पदार्थ) अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत असलं की ठीक, ३० ते ३०० ला मायक्रो म्हणायची पद्धत. तो मायक्रोही फसवाच, अल्ब्युमिन बारीक नसतं, प्रमाण थोडं असतं.

कडकभाकरी: वडील म्हणतात बकरीची तर बकरीची. उद्या सकाळची पहिली लघवी मागितलीय, बाटली घरनं न्यायची का?

सुईटोच्या: नको, डबी लॅबमधनंच घ्या. लोक सिरपची बाटली धुऊन आणतात, नका तसं करू.