गगनबावड्याच्या बाजूची पांढरी भूछत्रे: ही अळंबी समजून खावीत का?

प्रश्न – रंकाळाकाठ

सर्वांना नमस्कार. गगनबावड्याच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या नातेवाइकांनी काल गावालगतच्या झाडीतून काढलेली पांढरी भूछत्रे कोल्हापुरात आमच्या घरी पाठवली असून ही अळंबीच आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. छत्री तळहाताएवढी, पांढरीशुभ्र आणि मध्यभागी किंचित पिवळसर आहे. वर पांढरे पापुद्रे चिकटलेले असून ते बोटाने सहज निघतात. खालच्या पात्या पांढऱ्या आहेत आणि त्या देठाला टेकत नाहीत. देठाच्या वरच्या भागात पातळ पडद्यासारखे एक कडे लोंबते आहे. सर्व देठ जमिनीलगत विळ्याने कापलेले आहेत. आसपास वारूळ नव्हते, असे त्यांनी विचारल्यावर सांगितले.

घरातील वडीलधाऱ्यांचे मत असे की, शिजवताना भांड्यात चांदीचे नाणे टाकावे आणि ते काळे पडले नाही तर निर्धास्त खावे. शिवाय काही छत्र्या किड्यांनी कुरतडलेल्या आहेत, त्यामुळे त्या विषारी नसाव्यात, असाही तर्क मांडला जात आहे. अद्याप काहीही शिजवलेले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – सह्यवनस्पती

ही भूछत्रे शिजवू नयेत, ही पहिली विनंती. छायाचित्रावरून किंवा वर्णनावरून जात निश्चित करता येणार नाही, पण आपण दिलेली माहिती अळंबीच्या बाजूने जात नाही, एवढे स्पष्ट सांगता येते.

आपल्याकडे पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी टर्मिटोमायसिस या प्रजातीची असते. वाळवी वारुळाच्या आत पालापाचोळ्याच्या लगद्यावर ही बुरशी जोपासते आणि पुरेसा पाऊस झाला की त्या लगद्यातून निघालेला कोंब माती भेदून वर येतो. माती फोडण्यासाठी छत्रीच्या मध्यभागी टणक, बहुधा टोकदार उंचवटा असतो, आणि देठ जमिनीखाली मुळासारखा निमुळता होत थेट वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. वारूळ जमिनीखाली असेल तर ते वरून दिसणारही नाही, म्हणून 'वारूळ नव्हते' एवढ्यावरून निर्णय होत नाही. टर्मिटोमायसिसच्या काही जातींना कडेही असते, त्यामुळे तेवढ्यावरूनही होत नाही. निर्णय करणारा भाग मातीखालचा होता आणि तोच आपल्याकडे आलेला नाही.

सहज निघणारे पापुद्रे, लोंबते कडे, देठापासून सुटलेल्या पांढऱ्या पात्या ही लक्षणे एकत्र आली की ॲमानिटा या प्रजातीची शंका घ्यावीच लागते. तिच्यातील काही जाती जगातील सर्वांत घातक भूछत्रांत मोडतात. त्यांच्या बुडाशी पेल्यासारखे किंवा पिशवीसारखे वेष्टन असते आणि देठ जमिनीलगत कापला की ते मातीतच राहते.

एक चाचणी घरी करता येईल. देठ काढून छत्री पात्या खाली करून कागदावर ठेवावी; कागदाचा अर्धा भाग पांढरा आणि अर्धा काळा असावा. वर वाडगा पालथा घालून रात्रभर राहू द्यावे. सकाळी पात्यांतून गळलेल्या बीजाणूंचा (बुरशीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा) ठसा उमटलेला दिसेल. टर्मिटोमायसिसचा ठसा फिकट गुलाबीसर असतो, ॲमानिटाचा पांढरा. मात्र ही चाचणी नाकारण्यासाठी वापरावी, खाण्याची परवानगी म्हणून नव्हे. कारण एंटोलोमा या प्रजातीचा ठसाही गुलाबी असतो आणि तिच्यात विषारी जाती आहेत.

उत्तर – शाहूवाडीकर

वरील उत्तराशी सहमत आहे. आमच्या भागात जुनी माणसे अळंबी कापत नाहीत, तर काठीने माती सैल करून देठ मुळापर्यंत उपसून काढतात. ज्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या अळंबी येते तीच जागा ते दरवर्षी पाहतात, आणि अनोळखी ठिकाणी तशीच दिसणारी छत्री आली तरी तिला हात लावत नाहीत. हे ज्ञान त्या ठरावीक जागेचे आहे आणि जागा बदलली की ते लागू पडत नाही, हे नव्या पिढीच्या ध्यानात येत नाही, याची मला मनापासून काळजी वाटते. आपल्या नातेवाइकांना कृपया एवढेच विचारावे, की त्यांनी याच जागेवरची भूछत्रे पूर्वी खाल्ली आहेत का.

उत्तर – वैद्यकीय शाखेतून

चांदीच्या नाण्याबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. चांदी गंधकयुक्त पदार्थांमुळे काळी पडते. भूछत्रातील विषाशी तिचा काहीही संबंध नाही. लसूण किंवा तांदूळ काळे पडण्याची परीक्षाही तितकीच निरुपयोगी आहे. किडे आणि गोगलगायी ज्या भूछत्रांवर जगतात, त्यांतील काही माणसाचा जीव घेतात. घातक ॲमानिटांमधील अमाटॉक्सिन हे विष उकळून, तळून किंवा वाळवून नष्ट होत नाही, आणि शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम एवढी मात्राही प्राणघातक ठरू शकते.

या विषाचा सर्वांत मोठा धोका त्याच्या वेळापत्रकात आहे. खाल्ल्यानंतर साधारण ६ ते १२ तास, कधी त्याहूनही अधिक काळ काहीच जाणवत नाही. नंतर तीव्र उलट्या आणि जुलाब सुरू होतात. ते ओसरल्यावर रुग्णाला बरे वाटते, घरचे निश्चिंत होतात, आणि त्याच काळात यकृताच्या पेशी मरत असतात. बागेतील हिरवळीवर उगवणाऱ्या, हिरवट ठसा देणाऱ्या क्लोरोफायलम भूछत्राने मात्र बहुधा १ ते ३ तासांतच उलट्या होतात. म्हणून त्रास उशिरा सुरू झाला तर तो अधिक गंभीर मानावा. कोणी चुकून खाल्ले असेल तर लक्षणांची वाट न पाहता १०८ वर संपर्क साधावा किंवा थेट कोल्हापुरातील सीपीआरसारखे (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठे रुग्णालय गाठावे, आणि उरलेले भूछत्र, अगदी सालीसुद्धा, सोबत न्याव्यात.

प्रश्नकर्त्याची पुढील नोंद – रंकाळाकाठ

आपणा सर्वांचे आभार. काल रात्री ठशाची चाचणी केली. काळ्या कागदावर स्वच्छ पांढरा ठसा उमटला आणि पांढऱ्या कागदावर जवळजवळ काहीच दिसले नाही. नातेवाइकांनी सकाळी त्याच जागी माती उकरून एक भूछत्र संपूर्ण काढले. देठ खाली निमुळता होत गेलेला नाही. उलट तो बुडाशी फुगीर असून त्याभोवती फाटक्या पिशवीसारखे पांढरे वेष्टन आहे. ही जागा त्यांच्याही नेहमीची नव्हती.

उत्तर – सह्यवनस्पती

आता ॲमानिटाबद्दल फारशी शंका उरत नाही. नेमकी जात ठरवण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहावे लागतील, पण न खाण्याचा निर्णय त्यासाठी थांबवण्याची गरज नाही. उकरून काढलेला नमुना कागदात गुंडाळून, प्लास्टिकमध्ये न ठेवता, जागेच्या नोंदीसह शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवावा. बाकीची भूछत्रे गुरे आणि मुले पोहोचणार नाहीत अशा जागी खोल पुरावीत. त्याच झाडीतून आणखी कोणत्या घरी टोपली गेली असेल, तर त्यांना आजच फोन करावा.