कडी घालूनही तलंगा जातायत, कोण नेतंय?

प्रश्न:
आठवड्यात तीन तलंगा (तरुण कोंबड्या) गेल्या. दोन परसातच मरून पडलेल्या, मानेला चावा, बाकी अंग तसंच. तिसरीचं पीसही सापडलं नाही. दिवेलागणीला सगळ्या डालते, कडी स्वतः घालते. दोन रात्री टॉर्च घेऊन ओट्यावर बसले, काही फिरकलं नाही. खुराड्यात एक खुडूक कोंबडी अंडी उबवत बसलीय, नऊ अंडी, आज सोळावा दिवस. तिला काही झालं तर मला सहन व्हायचं नाही. जाळी साधी षटकोनी आहे. शेजारी म्हणतात विष टाका. टाकू का?

उत्तर:
मेलेल्या तलंगा कधी दिसल्या? दुपारी असतील तर जागरण सोडा, ते मुंगूस आहे. ते दिवसा फिरतं, आणि एकदा शिरलं की भुकेपेक्षा जास्त मारतं. उदमांजर रात्री येतं, तेही छपरावरून. साप आला तर रक्त-पिसं काही दिसत नाही, अंडं अख्खं गिळतो. लहान पिल्लं घुशीही बिळात ओढतात.

उत्तर:
विष अजिबात नको. ते तुमचं कुत्रं खाईल, मांजर खाईल. विषाने मेलेली घूस खाऊन घुबडसुद्धा मरतं. आणि एक मुंगूस मारलं तरी वाट उघडी असेल तर दुसरं येणारच.

उत्तर:
माझ्याही सहा गेल्यात, म्हणून कळकळीने सांगतो. षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डची चौकोनी जाळी घ्या. आणि ती भिंतीच्या पायथ्याशी संपवू नका. बाहेरच्या बाजूला दीड फूट जमिनीवर आडवी पसरा, वर माती आणि दगड. उकरणारा जनावर भिंतीला चिकटूनच उकरतो, नखं जाळीला लागतात, मागे सरकून सुरुवात करायचं त्याला सुचत नाही. साध्या कडीला खिट्टीही जोडा. खुडूक हलवायचीच असेल तर काळोख पडल्यावर, अंड्यांसकट, म्हणजे बसणं मोडत नाही.

प्रश्नकर्ती:
दोन्ही दुपारीच दिसल्या होत्या, हे मी लिहायला हवं होतं. आज गुडघ्यावर बसून सगळं खुराडं चाचपलं. अंडी घालायच्या खोक्यामागे फळी कुजलीय, तीन बोटं जातील एवढी फट. तिथल्या खिळ्याला चार केस अडकलेले. उन्हात धरले तर एकेका केसावर फिका पट्टा, गडद पट्टा, परत फिका, म्हणजे मुंगूसच. रात्रीच खुडूक टोपलीसकट घरात आणली. विष आणणार नाही.

प्रश्नकर्ती (पाच दिवसांनी):
फळी बदलली, चौकोनी जाळी लावली, पायथ्याला दीड फूट पसरली. काल जाळीच्या कडेला माती उकरलेली दिसली, बोटभर खोल, मग सोडून दिलेली. आज एकविसावा दिवस. दोन अंड्यांना टोचा पडलाय आणि कान लावला की आतून आवाज येतोय.