अनुभव: माहिती मिळाली, पण कळलं कधी?

सुरुवात मीच करते. गोव्यात फोंड्याला आमच्या वाड्यावर रोज सकाळी सहाच्या सुमाराला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून यायचा. त्याचा भोंगा इतका अंगवळणी पडला होता की तो ऐकू येतोय याचंही भान नसायचं. एका सकाळी तो वाजलाच नाही. "आज पोदेर येवंक ना," आई म्हणाली, आणि पाच मिनिटांत चार घरची माणसं बाहेर आली. रात्री त्याची आई गेली होती. पुढे कॉलेजात क्लॉड शॅनन या गणितज्ञाचा १९४८ सालचा सिद्धान्त शिकले: जे होणार हे ठाऊकच असतं, ते झाल्याने नवी माहिती मिळत नाही, जितकं अनपेक्षित, तितकी माहिती जास्त. सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं आणि मला ती सकाळ आठवली. तुम्हाला माहिती अशी कुठे भेटली? सांगा.

डिचोलीहून
आमच्या शेताशेजारचा नाला अर्धवट बांधून सोडलेला. पहिल्याच पावसात पाणी भातात शिरलं. माहिती अधिकारात अर्ज केला, दहा रुपये भरले, विचारलं, "काम का थांबलं?" तिसाव्या दिवशी उत्तर आलं: माहिती उपलब्ध नाही. फार चिडलो. शेजारचे काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अरे, २००५ च्या कायद्यात माहिती म्हणजे त्यांच्याकडे असलेली नोंद. कागद, टिपण, आदेश, ई-मेल. 'का'ची फाइल नसते. कार्यादेश माग, मोजमाप पुस्तिका माग, बिलांच्या प्रती माग." पुन्हा दहा रुपये. या वेळी अकरा पानं आली आणि मोजमाप पुस्तिकेत नाला पूर्ण झाल्याची नोंद होती! ते पान हातात घेऊन ग्रामसभेत उभा राहिलो तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. गोव्याने स्वतःचा माहिती अधिकार कायदा १९९७ सालीच केला होता, देशाच्या आठ वर्षं आधी. याचा मला अभिमान आहे. पण प्रश्न कसा विचारायचा, हे शाळेतच शिकवायला हवं असं मनापासून वाटतं.

मडगावहून
सासूबाईंचा एचबीए१सीचा, म्हणजे रक्तातल्या साखरेच्या तपासणीचा रिपोर्ट मोबाइलवर आला. तपासणीआधी दोन दिवस त्यांनी गोड सोडलं होतं, तरी आकडा वाढलेलाच. त्या रडायला लागल्या, "एवढं पाळलं तरी असं." खालच्या मजल्यावर परिचारिका राहते, तिने जवळ बसवून सांगितलं, "आई, ही दोन दिवसांची नाही, मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी आहे." त्या एका वाक्याने त्यांचं रडू थांबलं. आकडा सकाळपासून आमच्या हातात होता.

पेडण्याहून
वडिलोपार्जित घर विकायचं की नाही यावरून बाबा आणि काकांचं वर्षभर बिनसलेलं. शेवटी देवाला कौल लावायचं ठरलं. भटजी म्हणाले, "एकच प्रश्न घाला, हो किंवा नाही असं उत्तर येईल असा." दोघे देवळाच्या पायरीवर तासभर तो प्रश्न जुळवत बसले. विकायचं का? भाड्याने द्यायचं का? काकांना पैशांची गरज आत्ताच का आहे, हे बाबांना तिथे पहिल्यांदा कळलं. मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली, म्हणजे होकार. पण मला आठवते ती पायरी.

पुन्हा मी, फोंडा
पेडणेकर, अंगावर काटा आला. होकार आणि नकार दोन्ही सारखेच संभवत असतील तर त्या उत्तरात शॅननच्या मापाने एक बिट माहिती असते, सगळ्यांत साधं एकक. पायरीवर कळलं ते त्या बिटाबाहेरचं.

वास्कोहून
मी ट्रॉलरवर असतो. हवामान खात्याचे इशारे, वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, सगळं मोबाइलवर मिळतं. आईलाही पाठवून पाहिलं. ती वाचत नाही. तिला एकच हवं असतं. म्हणून खारीवाड्याच्या धक्क्याला लागलो की मासे उतरवण्याआधी तिला फोन करतो आणि म्हणतो, "लागलो." ती "बरं" म्हणते आणि ठेवते. जून-जुलैचे ६१ दिवस मासेमारी बंद असते, तेव्हा हा फोन नसतो. तेवढे दिवस ती रात्री सलग झोपते.