मॉडेलच्या नावावर जाऊ नका, स्टिकर वाचा
ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरमध्ये कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर, त्यासाठी राउटर घेताना रॅम १२८ एमबी आणि फ्लॅश (आतली कायमची साठवण) १६ एमबी असली की डोळे झाकून घ्या, असा सल्ला मिळतो, तो अर्धाच खरा. आकडे ठीक आहेत, पण खोक्यावरचं नाव फसवतं. टीपी-लिंकचा आर्चर सी६ घ्या: व्ही२ मध्ये क्वालकॉमची चिप, व्ही३ मध्ये मीडियाटेकची. नाव तेच, आतला ऐवज वेगळा, म्हणून ओपनडब्ल्यूआरटीची फाइलही वेगळी. दुकानातच राउटर उलटा करून स्टिकरवरचं व्हर्जन वाचायचं, दुकानदार वैतागला तरी. ब्रॉडकॉमच्या चिपचं वाय-फाय दिसलं की मी खोकं परत ठेवतो, ओपनडब्ल्यूआरटीत ते चालवणाऱ्या ड्रायव्हरची बोंब असते.

आणि पहिल्यांदाच करताय तर स्नॅपशॉटच्या, म्हणजे अजून काम चालू असलेल्या कच्च्या आवृत्तीच्या नादी लागू नका, स्टेबल रिलीज, म्हणजे तपासून काढलेली पक्की आवृत्ती घ्या. मी हौसेने स्नॅपशॉट टाकला. दिवे नीट लागले, पण मोबाइलवर नेटवर्कच दिसेना. राउटर मेला समजून तासभर टाचणीने रीसेट दाबत बसलो. मेलाबिला काही नव्हता. ओपनडब्ल्यूआरटी नव्याने टाकल्यावर वाय-फाय मुळात बंदच असतं, आणि त्या स्नॅपशॉटमध्ये लुसी, म्हणजे ब्राउझरमधलं सेटिंगचं पान, नव्हतंच. लॅनची वायर जोडून १९२.१६८.१.१ या राउटरच्या पत्त्यावर एसएसएच केलं (कॉम्प्युटरवरून कमांड टाइप करून राउटरमध्ये शिरायची सोय), तर लगेच आत गेलो. आता लुसी टाकायला इंटरनेट हवं, आणि पीपीपीओईचा, म्हणजे केबलवाल्याच्या इंटरनेटला लॉगिन करायचा पासवर्ड जुन्या सेटिंगबरोबर पुसला गेलेला! रात्री अकराला केबलवाल्याला फोन केला, त्याने सकाळी दहाला उचलला. तेव्हा पासवर्ड आधी कागदावर लिहून घ्या, मोबाइलमधल्या क्लाउडवर नको.