मदत हवी आहे: लेकीचा चेहरा जन्मापासून एका बाजूला लहान, आता म्हणतात वरचा जबडाही तिरका

नमस्कार मंडळी, जरा लांबलं आहे पण प्लीज वाचा.

माझी लेक ७ वर्षांची आहे, तिला जन्मापासून हेमीफेशियल मायक्रोसोमिया आहे, म्हणजे चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा लहान, डावा कान छोटा आणि त्या कानाने कमी ऐकू येतं. आजवर सगळे खालच्या जबड्याबद्दलच बोलत आले, डावीकडचं उभं हाड आखूड आहे, प्रुझान्स्की टाइप २ए (खालचा जबडा किती कमी वाढलाय त्याची प्रतवारी) आहे, वाढीवर लक्ष ठेवू. हनुवटी डावीकडे सरकलीये ना, त्यामुळे आमचीही नजर तिथेच जायची.

परवा ऑर्थोडोंटिस्टनी (दात-जबडे सरळ करणारे डॉक्टर) तिच्या दोन्हीकडच्या दाढांमध्ये एक चपटी लाकडी काडी आडवी धरली, चावून धर म्हणाले आणि मला समोर उभं केलं. डोळे एका रेषेत आणि काडी डावीकडे चक्क वर चढलेली. सात वर्षं मी हा चेहरा रोज धुतेय पुसतेय, पण हे कधी दिसलंच नव्हतं. हसताना तिचे डावीकडचे दात ओठाआड राहतात, ते मला ओठाचंच काहीतरी वाटायचं.

आता एक सर्जन म्हणतात खालच्या जबड्याचं डिस्ट्रॅक्शन (हाड कापून हळूहळू लांबवणं) आत्ताच करू, दुसरे म्हणतात वाढ पूर्ण होईपर्यंत थांबा, मग दोन्ही जबडे एकदमच करू. खाणंपिणं ठीक आहे, झोपेत घोरत नाही. मला एवढंच कळत नाहीये की वरचा जबडा मुळातच तसा आहे की खालच्यामुळे झालाय, आणि खालचा नीट केला तर वरचा आपोआप खाली येतो का? कुणी यातून गेलं असेल तर सांगा, झोप उडालीये.

प्रतिसाद १
ताई, आधी एक सांगते, तुमच्या नजरेतून सुटलं म्हणून मनाला लावून घेऊ नका, वय वाढेल तसं ते जास्त दिसायला लागतं. माझ्या मुलाचं डिस्ट्रॅक्शन ९व्या वर्षी झालं. हाड कापून यंत्र बसवतात, थोडे दिवस थांबून मग स्क्रू फिरवायचा, आमचा सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा मिमी, म्हणजे दिवसाला १ मिमी. खालचा जबडा खाली उतरला की त्या बाजूच्या दाढा मिटेनाशा होतात, मध्ये फट पडते. मी तर घाबरले होते, पण ती फट हवीच असते. तिथे प्लास्टिकचा ब्लॉक घालतात आणि दर काही आठवड्यांनी त्याची वरची बाजू थोडी थोडी घासतात, म्हणजे वरचे दात हाडासकट सावकाश खाली उतरतात. वरच्या जबड्याला सुरी लागली नाही. पण ब्लॉक नेमाने घालणं हीच खरी परीक्षा, आणि आता १५व्या वर्षी थोडा तिरकेपणा परत आलाय, ती बाजू हळूच वाढते म्हणून.

प्रतिसाद २
मी दातांची डॉक्टर आहे. यात वरचा जबडा बहुतेक वेळा खालच्यामुळे अडतो, खालचं हाड आखूड म्हणून त्याला खाली वाढायला जागाच मिळत नाही. काहींमध्ये गालाचं हाड आणि डोळ्याची खोबणही लहान असते, तिथे वरचा मुळातच कमी असतो, ते सीटीत दिसेल. वाढ संपल्यावर दात असे उतरत नाहीत, तेव्हा वरचा जबडा कापूनच सरळ करावा लागतो, त्याला ल फोर्ट १ म्हणतात. श्वासाचा त्रास नसेल तर थांबणंही चूक नाही. दोन्ही सर्जनना विचारा की आत्ता केलं तर मोठेपणी पुन्हा करावं लागण्याची शक्यता किती. आणि यात कधीकधी मणक्यात, किडनीतही दोष असतो, म्हणून मणक्याचा एक्सरे आणि किडनीची सोनोग्राफी झालीये ना?

धागाकर्ती
दोघींचे खूप आभार. सोनोग्राफी झालीये, मणक्याचं कुणी बोललंच नव्हतं, उद्याच विचारते. ताई, तुमचा मुलगा ब्लॉक घालायला कंटाळला की तुम्ही काय करायचात? माझी साधी चष्म्यालाही तयार नसते.