शब्दचर्चा : समुद्रतळाशी गेलेल्या लाकडाला काय म्हणावं?

प्रश्न : नववीच्या मुलांसाठी खोल समुद्रातल्या जीवांवर लिहिते आहे. 'वूड फॉल'ला मराठी शब्द हवाय. पुरात वाहत आलेलं झाड समुद्रात पाणी पिऊन जड होतं, तळ गाठतं आणि त्यावर जीवांची वस्ती होते, ते सगळं त्यात यायला हवं. 'काष्ठपात' लिहिलं, पण मलाच खटकतंय.

उत्तर : खटकणारच. हिमपात, उल्कापात यांतला 'पात' म्हणजे पडण्याची क्रिया. इथे पडणं केव्हाच संपलेलं असतं, पाहण्यासारखं जे आहे ते त्यानंतरचं. हा भेद मराठीत आहेच की : आकाशातून येताना दिसते ती उल्का, जमिनीवर सापडतो तो अशनी. तुम्हाला लाकडाचा 'अशनी' हवाय. मी 'बुडीत ओंडका' म्हणेन.

उत्तर : 'बुडीत' म्हटलं की बुडीत कर्ज आठवतं, म्हणजे वाया गेलेलं. इथे तर उलट आहे. समुद्री शिंपल्यांच्या अभ्यासक रूथ टर्नर यांनी अटलांटिकमध्ये १८३० मीटर खोलीवर लाकडी फळ्या ठेवल्या होत्या. १०४ दिवसांनी वर काढल्या तेव्हा शिंपल्यांनी त्या पोखरून चाळण केल्या होत्या. यावरचा त्यांचा निबंध १९७३चा. त्या शिंपल्यांचं नाव झायलोफागा, ग्रीकमध्ये सरळ 'लाकूडखाऊ'. मराठीतही लाकूडखाऊच लिहा. 'काष्ठभक्षी' मुलं पाठ करतील, पण त्यांच्या डोळ्यांसमोर काही येणार नाही.

उत्तर : मालवणकडचा आहे म्हणून सांगतो. आंब्याच्या खोडात शिरतो तो भिरूड. होडीला लागतो त्याला आम्ही नुसतं 'किडा' म्हणतो, पण तो किडा नव्हेच, तिसऱ्यांच्या गोतातला लांबुळका शिंपला. किनाऱ्यावर आलेलं लाकूड फोडून बघा : करंगळी जाईल एवढी भोकं आणि आतून चुन्याचा पांढरा गुळगुळीत गिलावा. म्हणून 'भिरूड' इथे वापरू नका. आणि किनाऱ्याला लागलेलं ते 'वाहून आलेलं' लाकूड, बुडीत नव्हे.

उत्तर : कर्जाची भीती नको. धरणाचं 'बुडीत क्षेत्र' आपण रोज बोलतो, तिथे बुडीत म्हणजे फक्त पाण्याखाली गेलेलं. अडचण 'ओंडका' या शब्दाची आहे. फांद्या, मुळं, जहाजाच्या फळ्या यांवरही हीच वस्ती होते. म्हणून 'बुडीत लाकूड'. आकाराचा उल्लेख मात्र वेगळा करा, कारण आकाराने फरक पडतो. कॅलिफोर्नियापुढे सुमारे ३२०० मीटरवर २००६मध्ये अकेशियाचे, म्हणजे आपल्या बाभळीच्या नात्यातले, लहानमोठे ओंडके सोडले होते. काही वर्षांनी काढले तेव्हा लहान आणि मोठ्या ओंडक्यांवर जीवांचा मेळ वेगवेगळा निघाला.

वस्तीचा क्रमही मुलांना सांगाच. लाकूड पचवायला शिंपल्याला त्याच्या कल्ल्यांतले जिवाणू मदत करतात. त्याच्या विष्ठेवर नि भुशावर इतर जीव पोसतात, आत कुजून सल्फाइड (गंधकाचं संयुग) तयार होतं आणि मग त्यावर जगणारे जिवाणू कल्ल्यांत बाळगणारी शिणाण्यांसारखी शिंपली येतात.

प्रश्नकर्ती : 'बुडीत लाकूड' घेतलं, वस्तीसाठी 'लाकडावरची वस्ती'. अंदमानचं नाव लावणारा *म्युनिडॉप्सिस अंदमानिका* हा लाकूड खाणारा कवचधारी जीवही घालते, मुलांना नाव ओळखीचं वाटेल. आता अडलंय झायलोप्लॅक्सपाशी. न्यूझीलंडजवळच्या बुडीत लाकडावर सापडलेली, १९८६मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेली, तारामाशाच्या कुळातली, नखाएवढी गोल चकती. इंग्रजीत 'सागरी डेझी', पण डेझी आमच्या मुलांनी पाहिलेली नाही. 'समुद्रशेवंती' चालेल का?

उत्तर : शेवंतीला पाकळ्यांचे थर असतात, हिला कडेने काट्यांची एकच झालर. 'सागरटिकली' बघा.